डोळा वेधणें आणि डोळा फसविणें

मनुष्याचें मन आपणाकडे वळवावयाचें तर प्रथम त्याचा डोळा वळवावा लागतो, हें तत्त्व जत्रेंतील खेळणींवाल्यापासून दरबारांतील चित्रकारापर्यंत सर्वांस पूर्वापार ठाऊक आहे. खेळणींवाला आपल्या काठीच्या शेंड्यास तांबडीं-पिवळीं भिरभिरींच कां खोंवतो, अगर नाताळांत शाळेच्या दारावर आंत दिवा असलेला कागदी तारा कां टांगतात, याचा क्षणभर विचार केला असतां हेंच उत्तर मिळेल. डोळा वेधण्याची ही विद्या जुनी. परंतु तिचें साधन मात्र आतां अगदीं नवें झालें आहे. जें काम करण्यास पूर्वीं कुंचला, रंग, अंधारी खोली व कित्येक वर्षांची उमेदवारी लागे, तें आज आठवीच्या वर्गांतील मुलगा संगणकापुढें बसून अर्ध्या तासांत करतो. विज्ञान-प्रदर्शनाचा फलक असो, स्नेहसंमेलनाची निमंत्रणपत्रिका असो, कीं वर्गमित्राच्या वाढदिवसाचें चित्र असो. चकाकणारीं अक्षरें, कागदापासून उचललेलीं भासणारीं नांवें, सर्व देखावा करडा करून त्यांत एकच लाल फूल ठेवलेलें छायाचित्र, अशा नाना करामती आमचे विद्यार्थी करूं लागले आहेत. ह्या विद्येचें कोणी केवळ कौतुक करतात, कोणी केवळ नाक मुरडतात. आम्हांस दोन्ही मतें अपुरीं वाटतात. म्हणून हा लेखनप्रपंच.

ह्या साधनाचा इतिहास थोडक्यांत सांगण्याजोगा आहे. अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठांत डॉक्टरेटचा अभ्यास करणाऱ्या टॉमस नोल ह्या विद्यार्थ्यानें १९८७ सालीं आपल्या मॅकिंटॉश संगणकाच्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर करड्या रंगाच्या छटा दाखवितां याव्यात म्हणून एक लहानशी आज्ञावली लिहिली. त्याचा भाऊ जॉन हा चित्रपटांसाठीं चमत्कारदृश्यें तयार करणाऱ्या संस्थेंत नोकरीस होता. भावाच्या ह्या खेळण्यांत त्याला मोठें काम दिसलें. दोघांनीं मिळून ती आज्ञावली वाढविली, अडोबी कंपनीनें ती आपल्याकडे घेतली, आणि १९९० च्या फेब्रुवारी महिन्यांत ती ‘फोटोशॉप’ ह्या नांवानें बाजारांत आली. आज हें नांव इतकें रूढ झालें आहे कीं, कोणतेंही बदललेलें चित्र पाहून लोक ‘हें फोटोशॉप केलेलें आहे’ असें म्हणतात.

ह्या साधनांतील बहुतेक करामतींचा पाया जो ‘लेअर’, तो १९९४ सालच्या तिसऱ्या आवृत्तींत आला. लेअर म्हणजे थर. कांचेचे पारदर्शक तक्ते एकावर एक ठेवावे, एकावर देखावा, दुसऱ्यावर माणूस, तिसऱ्यावर अक्षरें काढावीं, आणि वरून पाहिलें असतां सर्व मिळून एकच चित्र दिसावें. तसा हा प्रकार आहे. एका थरावरील चूक पुसतांना दुसऱ्यास धक्का लागत नाहीं, हा त्याचा मोठा गुण. आमच्या वाचकांस ही कल्पना परकी वाटण्याचें कारण नाहीं. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईंत जो शिळाछापखाना काढला व जो पुढें लोणावळ्याजवळ मळवलीस गेला, त्यांत एकेका रंगासाठीं निराळी शिळा असे. एकाच कागदावर त्या शिळांचे ठसे एकामागून एक नेमक्या जागीं उमटले म्हणजे लक्ष्मीची वा सरस्वतीची तसबीर पूर्ण होई. एक शिळा केसभर सरकली तर ओंठांचा रंग गालावर येई. पणजोबांच्या घरच्या भिंतीवरील तसबिरी थरांनींच बनल्या होत्या. शिळेच्या जागीं संगणक आला, इतकेंच.

थरास जोड आहे ती ‘मास्क’ची. वर सांगितलेली एकाच लाल फुलाची करामत घ्या. एकाच छायाचित्राच्या दोन प्रती दोन थरांवर ठेवतात, वरची प्रत करडी करतात, आणि मग वरच्या थरास मास्क लावून त्यावर फुलापुरता काळा रंग भरतात. मास्कवर जेथें पांढरें तेथें थर दिसतो, जेथें काळें तेथें तो झांकला जातो, व करड्या जागीं अर्धवट दिसतो. त्यामुळें फुलाच्या जागीं वरचा थर नाहींसा होऊन खालचा लाल रंग प्रगट होतो. यांत कांहींच खोडलें जात नाहीं. उद्यां मत बदललें तर पांढरा रंग भरून पूर्वस्थितीस येतां येतें. ही करामत डोळ्यास कां धरून ठेवते? सर्व सारखें असतां जें एकच निराळें असेल त्याकडे दृष्टि आपोआप जाते, म्हणून. १९९३ सालच्या ‘शिंडलर्स लिस्ट’ ह्या बव्हंशीं कृष्णधवल चित्रपटांत दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांनीं एका लहान मुलीचा कोट तेवढा लाल ठेवला. ज्यूंच्या संहाराच्या त्या कथेंत गर्दीतून प्रेक्षकाची दृष्टि त्या एका जीवावर खिळून राहते. तेथें रंगास अर्थ आहे. परंतु तीच युक्ति एखाद्यानें फलकावरील पांच वस्तूंस पांच रंग देऊन योजिली, तर पांचांपैकीं एकही वेगळी राहत नाहीं. वर्गांतील सर्वच मुलें एकदम ओरडलीं म्हणजे गुरुजींस कोणाचेंच ऐकूं येत नाहीं.

दुसरी आवडती करामत पडछायेची. तिचें रहस्य इतकेंच कीं, अक्षराचीच एक काळी प्रत करून ती अक्षराखालीं थोडी बाजूस सरकवावयाची, तिच्या कडा पुसट करावयाच्या व तिचा काळेपणा कमी करावयाचा. सावली जितकी दूर व जितकी पुसट, तितकें अक्षर कागदापासून उंच भासतें. कडा पुसट करण्याच्या एका नित्याच्या रीतीस जर्मन गणिती कार्ल फ्रीडरिख गाउस याचें नांव आहे. ज्यांस गणिताचा तास कंटाळवाणा वाटतो त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. आपण सूर्याखालीं राहणारीं माणसें. प्रकाश वरून येतो हें आपल्या डोळ्यानें इतकें गृहीत धरलें आहे कीं, वरच्या अंगास उजेड व खालच्या अंगास छाया दिसली म्हणजे तो त्यास उंचवटा मानतो, आणि तेंच चित्र उलटें धरलें म्हणजे तोच उंचवटा खड्डा दिसूं लागतो. विद्यार्थ्यांनीं हा प्रयोग स्वतः करून पाहावा. म्हणून एकाच फलकावर शीर्षकाची सावली उजवीकडे, छायाचित्राची डावीकडे व चौकटीची वर अशी पडली, तर पाहणारास कारण सांगतां आलें नाहीं तरी कांहींतरी चुकलें आहे हें जाणवतें. त्या फलकाच्या आकाशांत तीन सूर्य उगवलेले असतात. सर्व थरांवरील प्रकाश एकाच दिशेनें ठेवण्याची सोय ह्या साधनांत आहे. ती वापरावयाची आठवण मात्र करणाऱ्यास असावी लागते.

मराठी अक्षरांची गोष्ट तर आणखी निराळी. ह्या साधनांतील पुष्कळ करामती रोमन लिपि डोळ्यांपुढें ठेवून रचलेल्या आहेत. रोमन अक्षरें सुटीं उभीं असतात. त्यांच्यामधील अंतर वाढविलें तर तीं ऐटदार दिसतात. देवनागरींत तसें केलें म्हणजे शिरोरेषा तुटते आणि शब्दाचीं हाडें निखळल्यासारखीं दिसतात. अक्षराभोंवतीं जाड किनार घातली म्हणजे ‘घ’, ‘ध’, ‘क्ष’ यांच्या पोटांतील मोकळ्या जागा बुजतात, आणि अनुस्वाराचें टिंब शिरोरेषेस चिकटून नाहींसें होतें. शिवाय आपल्या लिपीस लागणारी जुळणीची सोय निवडली नसेल, तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधीं न येतां मागाहून येते व जोडाक्षर फुटून जातें. ‘शिक्षण’ हा शब्दच असा मोडून पडलेला फलक पाहणें याहून शिक्षकास अधिक दुःखदायक दृश्य नसेल. आमच्या गांवोगांवच्या चौकांत वाढदिवसाचे जे फ्लेक्स लागतात त्यांवर सोनेरी अक्षर, त्यास लाल किनार, तीस पांढरी किनार, त्यावर चकाकी व खालीं सावली, असा अलंकारांचा डोंगर असतो. आणि इतकें करूनही रस्त्यानें जाणारास नांव वाचतां येत नाहीं. आमची सूचना साधी आहे. प्रथम अक्षरें साधीं, काळीं, नीट मांडावीं; फलक भिंतीस लावून दहा पावलें मागें जावें; वाचतां आलें तर मग एक अलंकार घालावा व पुन्हां दहा पावलें मागें जावें. ज्या अलंकारानें वाचणें अवघड झालें तो उतरवावा.

छापण्यासंबंधानेंही एक शब्द सांगणें जरूर आहे. संगणकाचा पडदा तांबड्या, हिरव्या व निळ्या दिव्यांनीं रंग दाखवितो. छापखाना निळसर, किरमिजी, पिवळ्या व काळ्या शाईनें रंग उमटवितो. दिव्याचें तेज शाईंत येत नाहीं. म्हणून पडद्यावरील पोपटी हिरवा कागदावर मळकट होतो, आणि मुलगा छापखान्यास दोष देतो. तसेंच, छपाईसाठीं एका इंचांत ३०० पिक्सेल असावेत असा सामान्य नियम आहे. म्हणजे ९०० पिक्सेल रुंदीचें चित्र तीन इंचच नीट छापतां येतें. तेंच ताणून पानभर केलें तर कितीही करामती केल्या तरी तें धुरकट दिसावयाचेंच.

येथवर डोळा वेधण्याची गोष्ट झाली. आतां डोळा फसविण्याकडे वळूं. कारण दोहोंचीं हत्यारें एकच आहेत. फोटोशॉपमधील ‘डॉज’ ह्या हत्याराचें चिन्ह म्हणजे काडीच्या टोंकास लावलेली लहान चकती, व ‘बर्न’चें चिन्ह म्हणजे अर्धवट मिटलेला हात. अंधाऱ्या खोलींत छायाचित्रें छापणारे कारागीर अशाच चकतीनें कागदाच्या एखाद्या भागावरील प्रकाश अडवून तो भाग उजळ ठेवीत, आणि हाताच्या पोकळींतून अधिक प्रकाश पाडून दुसरा भाग गडद करीत. चित्र बदलण्याची कला अशी छायाचित्रणाच्या जवळजवळ बरोबरीची आहे. १८५७ सालीं इंग्लंडांत ऑस्कर रेजलँडर ह्या कलावंतानें सुमारें तीस निरनिराळ्या निगेटिव्ह जोडून सद्गुण व दुर्गुण यांच्या दोन मार्गांचें एक भव्य चित्र तयार केलें. आपण तें कसें केलें हें त्यानें लपविलें नाहीं. म्हणून त्यास कोणी फसवणूक म्हणणार नाहीं.

याच्या उलट गोष्ट कॉटिंग्ली गांवची. १९१७ सालीं इंग्लंडांतील ह्या खेड्यांत एल्सी राइट ही सोळा वर्षांची व फ्रान्सिस ग्रिफिथ्स ही नऊ वर्षांची, अशा दोघी बहिणींनीं ओढ्याकांठीं पऱ्या दिसल्या म्हणून छायाचित्रें घेतलीं. शेरलॉक होम्सचा जनक सर आर्थर कॉनन डॉईल यानें त्यांवर विश्वास ठेवून १९२० सालीं लेख प्रसिद्ध केला. पुढें १९८३ सालीं म्हाताऱ्या झालेल्या त्या दोघींनीं कबूल केलें कीं, त्या पऱ्या कागदावर काढून कापलेल्या व टांचण्यांनीं उभ्या केलेल्या होत्या. चतुर गुप्तहेर निर्माण करणारा लेखक दोन मुलींच्या टांचण्यांस फसला. मुलींचा खेळ निरुपद्रवी होता खरा. परंतु एका दुपारच्या थट्टेचें ओझें त्यांस साठांहून अधिक वर्षें वागवावें लागलें. आणि सर्वच फसवणूक निरुपद्रवी नसते. सोव्हिएत रशियांतील गुप्त पोलिसांचा प्रमुख निकोलाय येझोव्ह हा कालव्याच्या कांठीं स्टालिनच्या शेजारीं उभा असल्याचें छायाचित्र होतें. १९४० सालीं त्यास ठार मारण्यांत आलें, आणि त्या छायाचित्रांतून तोही नाहींसा झाला. तो जेथें उभा होता तेथें नुसतें पाणी उरलें. लोकशाही देशांतील प्रतिष्ठित पत्रेंही निर्दोष राहिलीं नाहींत. १९८२ सालच्या फेब्रुवारींत ‘नॅशनल जिऑग्रफिक’ मासिकाच्या मुखपृष्ठावर इजिप्तचे पिरॅमिड उभ्या पानांत बसावेत म्हणून संगणकानें एकमेकांजवळ सरकविले होते. हजारों वर्षें न हललेले दगड एका चौकटीच्या सोयीसाठीं हलले!

परंतु आम्हांस ह्या दूरच्या गोष्टींपेक्षां घरची एक गोष्ट अधिक बोंचते. आमच्याच एका वर्गाचें सामुदायिक छायाचित्र एका छायाचित्रकारानें तयार करून दिलें. कोणास न विचारतां त्यानें सर्व चेहरे गोरे व गुळगुळीत केले होते. कोणाचा तीळ गेला, कोणाच्या कपाळावरील लहानपणच्या पडण्याची खूण गेली, आणि सांवळ्या मुलींचा तर वर्णच पालटला. मुलांस तें आवडलें. पण दुसऱ्या दिवशीं त्यांतील एक मुलगी म्हणाली, “बाई, आजीनं चष्मा लावून विचारलं, ह्यात आपली कोणती?” ती हंसत म्हणाली खरी, पण आम्हांस हंसूं आलें नाहीं. ज्या चेहऱ्यावर आजीनें तेरा वर्षें हात फिरविला तो चेहरा आजीस ओळखूं येऊं नये, आणि तरी त्यास सुंदर केलें असें म्हणावें, हें कोणतें सौंदर्य? त्या चित्रानें त्या मुलीस न बोलतां एक धडा दिला: तूं जशी आहेस तशी छापण्याजोगी नाहींस. हा धडा आमच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकांत नाहीं, आणि तो पुसण्यास आम्हांस किती तास लागतील हें सांगवत नाहीं.

त्याच वर्गांतील एक मुलगा छायाचित्राच्या दिवशीं तापानें अंथरुणास खिळला होता. त्याच्या मित्रांनीं सहलीच्या एका चित्रांतून त्यास काढून मागच्या रांगेंत उभें केलें. सावलीही बरोबर दिशेनें टाकली. हें चित्र वार्षिकांत छापावें कीं नाहीं, यावर वर्गांत मोठा वाद झाला. एक विद्यार्थी म्हणाला, “तो त्या दिवशीं नव्हता, मग तें खोटें.” दुसरा म्हणाला, “तो वर्षभर आमच्यांत होता, मग त्याला वगळणें अधिक खोटें.” दोघांचेंही म्हणणें आम्हांस खरें वाटलें. शेवटीं असें ठरलें कीं, चित्र छापावें व त्याखालीं एक ओळ द्यावी: मागच्या रांगेंतील डावीकडून तिसरा विद्यार्थी त्या दिवशीं आजारी होता, त्याचें चित्र मागाहून जोडलें आहे. त्या एका ओळीनें सर्व प्रश्न सुटला. साधन एकच, वर्गही एकच. पण एकानें परक्यांच्या चेहऱ्यांत न विचारतां ढवळाढवळ केली व ती लपविली, आणि दुसऱ्यांनीं मित्रप्रेमानें बदल केला व तो सांगितला. फोटोशॉप चांगलें कीं वाईट, हा वाद आमच्या मतें ह्या दोन चित्रांपाशीं संपतो.

कोणी म्हणतील, इतकी भीति असेल तर मुलांस हें शिकवूंच नये. हा उपाय विहिरींत बुडण्याच्या भयानें पोहणें न शिकविण्यासारखा आहे. ज्यानें स्वतः थर व मास्क हाताळले आहेत तोच दुसऱ्याच्या चित्रांतील विसंगत सावली ओळखूं शकतो. २०२३ पासून तर ह्याच फोटोशॉपमध्यें नुसत्या शब्दांनीं सांगितलें असतां नसलेली वस्तु चित्रांत उमटविण्याची सोय आली आहे. अशा काळांत अडाणी डोळा हा निर्दोष डोळा नसून सर्वांत आधीं फसणारा डोळा होय. दुसरे कोणी म्हणतील, सर्व कलाच भासमय आहे, मग एवढा काथ्याकूट कशास? त्यांस आमचें उत्तर असें कीं, नाटकांतला राजा राजा नव्हे हें प्रेक्षकास ठाऊक असतें. बातमींतलें व वर्गाचें छायाचित्र मात्र मनुष्य साक्ष म्हणून पाहतो. ज्या दहा आज्ञा ह्या शाळेंत शिकविल्या जातात त्यांत खोट्या साक्षीचा निषेध आहे. जेथें चित्र साक्ष देतें तेथें तो जिभेप्रमाणें हातासही लागू आहे. राज्यकर्त्यांसही हें पटूं लागलें आहे. फ्रान्समध्यें १ ऑक्टोबर २०१७ पासून जाहिरातींतील मॉडेलच्या शरीराचा आकार बदलला असेल तर तसें छायाचित्रावर नमूद करावें लागतें, आणि नॉर्वेंत २०२२ पासून अशाच प्रकारचा कायदा अमलांत आहे.

पालकांस आमची एक विनंती आहे. मुलगा संगणकापुढें बसून कांहींतरी करतो एवढ्यावर समाधान अगर संताप न मानतां, त्याचें चित्र हातीं घ्यावें आणि दोन प्रश्न विचारावे: यांत तूं काय बदललेंस? आणि कां बदललेंस? ज्यास उत्तर देतां येईल तो शिकत आहे. आणखी एक गोष्ट अशी कीं, पुष्कळ घरांत ह्या आज्ञावलीची चोरलेली प्रत असते व त्यांत कोणास कांहीं वावगें वाटत नाहीं. दुसऱ्याच्या श्रमाचें फळ दाम न देतां घेणें यास जें नांव आहे तें आम्ही लिहूं इच्छीत नाहीं. ज्यांस वर्गणी देणें परवडत नाहीं त्यांच्यासाठीं ‘गिंप’ नांवाची आज्ञावली आहे. कॅलिफोर्नियांतील बर्कली विद्यापीठांतील स्पेन्सर किंबल व पीटर मॅटिस ह्या दोन विद्यार्थ्यांनीं ती १९९५ सालीं करावयास घेतली. ती कोणासही विनामूल्य वापरतां येते, आणि वर वर्णिलेले थर, मास्क व पडछाया तींतही साधतात.

विद्यार्थिमित्रांनो, शिका, मन लावून शिका. मूळ छायाचित्र नेहमीं निराळें जपून ठेवा, त्यावर कधींही हात चालवूं नका. दुसऱ्याच्या चेहऱ्यास त्याच्या संमतीवांचून स्पर्श करूं नका. जें बदललें तें एका ओळींत सांगा. सांगण्याची लाज वाटत असेल तर तो बदलच करूं नका. ह्यापुढें आमच्या वर्गाच्या छायाचित्रांत कोणाचाही वर्ण अगर कोणाच्याही कपाळावरची खूण बदलली जाऊं नये, अशी आमची शाळेच्या चालकांस नम्र सूचना आहे. प्रकाश वाढवावा, धूसरपणा काढावा, रंग स्वच्छ करावा. पुढच्या वर्षीं तें चित्र घरीं गेलें म्हणजे आजीनें चष्मा पुसून तें हातीं घ्यावें, आणि कोणी न सांगतां आपल्या नातीच्या चेहऱ्यावर नेमकें बोट ठेवावें.